तुटलेल्या बोटांचा हिशेब

२२ एप्रिल २००३. एका साखर कारखान्याचा रखवालदार मोटारसायकलवरून कामावर निघाला होता. पाळी पहाटे तीन ते सकाळी अकराची. कारखाना साधारण पाच किलोमीटरवर राहिला असताना अपघात झाला आणि तो गेला. मागे बायको, मुलं आणि म्हातारी आई. उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, भरपाई आयुक्तांनी २००९ मध्ये कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि त्यावर बारा टक्के व्याज मंजूर केलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०११ मध्ये निकाल फिरला. माणूस कारखान्यात पोचलाच नव्हता, मग अपघात कामावरचा कसा, हा तिथला मुद्दा. शेवटी २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने कौल दिला. कामावर जाता-येतानाचा अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी धागा जुळत असेल तर, कामावरचाच धरायचा, असं न्यायमूर्ती मनोज मिश्रा आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने सांगितलं.

निकाल मोठा आहे. देशभरच्या कामगारांना त्याचा उपयोग होईल. पण कामगारांच्या वकिलांना त्यातला दुसरा आकडा जास्त बोचतो: बावीस वर्षं. साध्या व्याजाने हिशेब केला तर मुद्दल सव्वातीन लाख आणि व्याज साडेआठ लाखांच्या पुढे. ज्या कायद्याखाली हा दावा चालला, त्याच कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने एक कलम घातलं होतं. आयुक्ताने दावा तीन महिन्यांत निकाली काढावा, असं ते कलम सांगत होतं.

जखमी कामगाराच्या हक्कांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा रकमेबद्दल बोलतो. रक्कम अपुरी आहेच. पण ज्या पायावर हा सगळा कायदा उभा आहे, तो पाया वेळेचा आहे. तो कसा, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१८८४ ची मागणी

महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे तयार झालेल्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले आणि तो अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनकडे गेला. रविवारच्या सुटीची मागणी त्यातलीच. ती १८९० मध्ये पदरात पडली, आणि आज लोखंड्यांचं नाव निघतं ते बहुधा रविवारच्या निमित्ताने. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. गिरणीत काम करताना दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. त्याच वर्षी बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला. इंग्लंडला असा कायदा करायला १८९७ उजाडलं. परळच्या सभेत अंगठा उठवणारा गिरणी कामगार त्या काळाच्या मागे नव्हता, पुढे होता.

हिंदुस्थानात कायदा आला तो १९२३ मध्ये. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. तोपर्यंत पट्ट्यात हात गेलेल्या माणसाला मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे. ती सिद्ध करायची म्हणजे साक्षीदार हवेत, आणि साक्षीदार म्हणजे त्याच खात्यात काम करणारे, उद्या त्याच मालकाच्या दारात उभे राहणारे. शिवाय इंग्रजी कायद्याच्या वळणाने मालकाकडे तयार उत्तरं असत: धोका माहीत असून त्याने काम पत्करलं, चूक दुसऱ्या कामगाराची होती, तो स्वतःच बेसावध होता.

१९२३ च्या कायद्याने ही सगळी उत्तरं बाजूला सारली. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला एवढं दाखवलं की पुरे. चूक कोणाची हा प्रश्नच नाही. दारू पिऊन किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडून दुखापत झाली तर मालकाला बचाव आहे. पण मृत्यू झाला किंवा कामगार कायमचा पूर्ण अपंग झाला, तर तोही बचाव चालत नाही. मोबदल्यात मालकालाही काही मिळालं: रक्कम आधीच ठरलेली आणि मर्यादित. थोडक्यात हा एक सौदा होता. कामगाराने मोठ्या, पण बेभरवशाच्या दाव्यावर पाणी सोडलं. मालकाने छोटी, पण ताबडतोब द्यायची रक्कम कबूल केली. पैसे लगेच मिळाले नाहीत तर या सौद्यातला कामगाराचा वाटाच गेला. मर्यादित रकमेचा मालकाचा वाटा मात्र शाबूत राहतो.

रक्कम येते कुठून

हा हिशेब गूढ नाही. कायद्याला जोडलेल्या तक्त्यात प्रत्येक अवयवाची टक्केवारी दिली आहे. अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट, पूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, करंगळी ७, एका हाताची दोन बोटं २०, चारही बोटं ५०. दुसऱ्या तक्त्यात वयानुसार गुणक: विसाव्या वर्षी २२४, पंचविसाव्या वर्षी २१६.९१, तिसाव्या वर्षी २०७.९८, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक पगाराचे ६० टक्के गुणिले गुणक. मृत्यू झाल्यास ५० टक्के गुणिले गुणक.

समजा, पंचवीस वर्षांचा प्रेस ऑपरेटर आहे, पगार १५,००० आणि एका हाताची दोन बोटं गेली. पंधरा हजारांचे साठ टक्के म्हणजे ९,०००. गुणिले २१६.९१ म्हणजे १९,५२,१९०. त्याचे वीस टक्के, ३,९०,४३८ रुपये. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम.

या गणितात एक खोच आहे. पगार कितीही असो, हिशेबात धरायची मर्यादा सरकार ठरवतं. २०१० मध्ये ती ८,००० होती, ३ जानेवारी २०२० पासून १५,००० झाली. म्हणजे तीस हजार कमावणारा वेल्डर तिसाव्या वर्षी गेला तरी त्याच्या घरच्यांचा हिशेब पंधरा हजारांवरच होतो: ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५०. आणि २०१९ च्या डिसेंबरात गेला असता तर ८,३१,९२०. एका तारखेने रक्कम जवळजवळ दुप्पट झाली, कारण आधीची दहा वर्षं कोणी आकड्याला हात लावला नव्हता. महागाई भत्ता निर्देशांकाप्रमाणे हलतो, मग ही मर्यादा का हलू नये, याला कुठल्याच सरकारने सरळ उत्तर दिलेलं नाही.

तक्त्यातली टक्केवारी हा शेवटचा शब्द नसतो, हेही लक्षात ठेवावं. १९६८ मध्ये ओडिशात एका सिनेमागृहात नक्षीकाम करणारा सुतार काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं, अपंगत्व पूर्ण नाही, अंशतः आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये ते मान्य केलं नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसापुरतं अपंगत्व शंभर टक्के. आणि भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, आयुक्ताने निकाल दिला त्या दिवसापासून नव्हे. पन्नास वर्षांपूर्वीचा हा निकाल आजही दर दुसऱ्या दाव्यात वाचून दाखवावा लागतो.

शेडमध्ये

पुण्याच्या भोवती भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात पत्र्याच्या शेडमधून गाड्यांचे सुटे भाग दाबून निघतात. पॉवर प्रेसवर डायमध्ये पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, तयार तुकडा काढायचा, पुन्हा पत्रा. क्लचमधले भाग झिजले की एकदा पेडल दाबल्यावर प्रेस दोनदा उतरतो. कामगार त्याला ‘डबल’ म्हणतात. पहिल्या ठोक्यानंतर तुकडा काढायला हात आत गेलेला असतो, तेवढ्यात दुसरा ठोका. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय चालू न होणारा प्रेस, हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर, ही साधनं जुनीच आहेत आणि फार महागही नाहीत. पण सेन्सरमुळे तासाला निघणारे नग कमी होतात, म्हणून ती असूनही काही ठिकाणी बंद ठेवली जातात.

‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांवर ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. तिचं काम गुरुग्राम-मानेसरमध्ये सुरू झालं. या अहवालांतून दिसणारं चित्र वर्षानुवर्षं फारसं बदललेलं नाही: बहुतेक जखमी स्थलांतरित आणि कंत्राटी, सगळ्यात जास्त बोटं पॉवर प्रेसवर गेलेली, आणि अनेकांना ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कार्ड मिळालं ते अपघात झाल्यानंतर.

हा शेवटचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. कर्मचारी राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. मुंबईत योजना आली १९५४ मध्ये. महिना २१,००० पर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येतो, मालक ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५. कामावर अपघात झाला तर किती महिने वर्गणी भरली हे पाहिलं जात नाही, पहिल्या दिवसापासून हक्क असतो. बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व आलं तर वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्केवारीनुसार तहहयात मासिक रक्कम. वरच्या उदाहरणातल्या ऑपरेटरला इथे महिना साधारण २,७०० रुपये मिळतील. एकरकमी जवळजवळ चार लाख मोठे वाटतात खरे, पण चाळीस-पन्नास वर्षं न चुकता येणारा पैसा अनेक घरांना जास्त तारतो. मालकाने वर्गणी भरली नसेल तर ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. म्हणून अपघात झाला की संध्याकाळी घाईघाईने नाव नोंदवलं जातं, अपघाताची तारीख पुढे ढकलली जाते, आणि कधी तर ‘घरी जिन्यावरून पडला’ असं केस पेपरवर येतं. हे शेवटचं वाक्य एकदा लिहिलं गेलं की पुढची दोन-तीन वर्षं ते खोडण्यात जातात.

याला दुसरी बाजूही आहे. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला मालकावर वेगळा भरपाईचा दावा करता येत नाही; १९४८ च्या त्या कायद्याच्या कलम ५३ ने तो दरवाजा बंद केला. मालकाने सेन्सरची वायर मुद्दाम कापली असली तरी विम्याचा हप्ता भरून तो मोकळा. हप्ताही सुरक्षित शेडला आणि धोकादायक शेडला एकाच दराने. प्रेस दुरुस्त करण्यात मालकाचा पैशाचा फायदा दिसावा असं या रचनेत काही नाही.

सही करण्याआधी

ईएसआयच्या बाहेरच्या कामगाराच्या खाटेशी दोन-तीन दिवसांत कोणीतरी येतं. सुपरवायझर असेल, ठेकेदार असेल. बोलणं बहुधा गोडच. ‘शेठनी दवाखान्याचा सगळा खर्च केला ना? वर हे चाळीस हजार घे, गावाला जाऊन बरा हो, मग बघू.’ आणि एक स्टँपपेपर. यातल्या प्रत्येक गोष्टीला कायद्यात उत्तर आहे. उपचाराचा खर्च मालकाने करायचाच असतो. तो भरपाईतून वजा होत नाही. हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्दबातल. तडजोड करायची तर तिची नोंद आयुक्ताकडे व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतो. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर बारा टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. वाद असला तरी मालकाला जेवढं मान्य आहे तेवढं आधी द्यावंच लागतं. गावी गेलेल्या कामगाराला तारखांसाठी पुण्याला खेपा घालायची गरज नाही. १९९५ च्या दुरुस्तीपासून तो आपल्या राहत्या जिल्ह्यातही दावा लावू शकतो. मुदत दोन वर्षांची.

कामगारांना हे माहीत नसतं, असं म्हणून आपण थांबतो. २०१७ च्या दुरुस्तीने हे सांगण्याची जबाबदारी मालकावर टाकली. कामावर घेतानाच भरपाईच्या हक्काची माहिती लेखी, कामगाराला कळेल अशा भाषेत द्यायची. न दिल्यास पन्नास हजार ते एक लाख दंड, असं त्या दुरुस्तीत होतं. असा कागद हातात पडलेला हेल्पर शोधून काढणं अवघड आहे.

म्हणून जखमींची बाजू घेणाऱ्या कार्यकर्त्यांचं काम भाषणाचं कमी आणि कागदांचं जास्त असतं. पहिल्याच दिवशी केस पेपरवर ‘कामावर, अमुक कंपनीत, मशिनवर’ असं लिहून घेणं. पगाराची चिठ्ठी नसेल तर बँक खात्यातली नोंद, गेटपास, ठेकेदाराचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज, गणवेशातला फोटो जपून ठेवणं. कायदा मोठा असला तरी दावा जिंकला जातो तो अशा कपट्यांवर.

मालक कोण?

ठेकेदार पळून गेला तर? १९२३ च्या कायद्यात त्याचंही उत्तर होतं. काम मुख्य मालकाच्या धंद्याचा भाग असेल आणि त्याच्या ताब्यातल्या जागेत चालू असेल, तर भरपाई मुख्य मालकाने द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. अडचण त्या ‘जागे’त आहे. मोठी कंपनी सुटा भाग बाहेरच्या शेडमधून घेते, ती शेड आणखी छोट्या शेडला काम देते, आणि बोट जातं ते तिसऱ्या पायरीवर. तिथे नाव नसलेल्या कंपनीवर कायद्याचा हात पोचत नाही. त्यात कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या नव्या संहितेत विजेवर चालणाऱ्या ‘कारखान्या’ची व्याख्या वीस कामगारांपासून सुरू होते, १९४८ च्या मूळ कारखाना कायद्यात ती दहापासून होती. पंधरा माणसांची प्रेस शॉप आता कारखानाच नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला. भरपाईचा सांगाडा बराचसा तसाच आहे. जाता-येतानाचा अपघात आता स्पष्ट शब्दांत आत आला आहे. सुरक्षेच्या संहितेत जीवघेण्या अपघाताबद्दल होणाऱ्या दंडाचा किमान निम्मा भाग पीडिताच्या घरच्यांना देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. पण खाण्याचे डबे पोचवणारा पोरगा सिग्नलवर पडला तर तो कोणाचा कर्मचारी? संहिता त्याला ‘गिग कामगार’ म्हणते, कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी घ्यायचं म्हणते. मात्र चूक न विचारता मिळणारी ती शंभर वर्षांपूर्वीची भरपाई त्याला कर्मचारी म्हणून मिळत नाही.

याचं एक उत्तर महाराष्ट्रानेच दिलं होतं. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या आडत्याचं पोतं, दुपारी त्या. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि मालकाच्या जागी मंडळ उभं राहिलं. मजुरीवर लेव्ही बसली, तिच्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, नुकसानभरपाई. माल ज्याचा, त्याने लेव्ही भरायची. हमाल कोणाचा हे शोधत बसायची गरज उरली नाही. डिलिव्हरीच्या धंद्याला आणि सुट्या भागांच्या साखळीला हीच रीत लावता येईल. गाडीच्या किमतीत बोटाच्या विम्याचा हप्ता धरला, तर ग्राहकाला तो जाणवणारही नाही.

उशिरा कळणारा अपघात

बोट गेल्याची तारीख असते. फुप्फुसाची नसते. गिरणगावात कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस, दगडखाणीतला सिलिकोसिस, यंत्रमागाच्या खडखडाटाने येणारं बहिरेपण, हे सगळे व्यावसायिक आजार कायद्याच्या यादीत आहेत आणि त्यांनाही अपघातासारखीच भरपाई आहे. पण निदान करणारा डॉक्टर रुग्णाला ‘काय काम करता?’ हा प्रश्न विचारतच नाही. दमा म्हणून, क्षयरोग म्हणून औषधं सुरू होतात. मुंबईत विजय कान्हेरे आणि डॉ. व्ही. मुरलीधर यांच्यासारख्या लोकांनी गिरण्या आणि ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या तपासण्या करून, ईएसआयच्या मंडळांपुढे कागद मांडून, अशा आजारांना मान्यता मिळवण्याची वाट पाडली. ती वाट अजून पायवाटच आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या केस पेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘मजूर’ एवढंच न लिहिता काम नेमकं कोणतं हे लिहिलं, तरी बरंच पदरात पडेल.

मदत आणि देणं

७ जून २०२१ रोजी मुळशीतल्या उरवड्याच्या रासायनिक कारखान्याला आग लागली. मेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीत स्फोट झाला. अशा प्रत्येक वेळी संध्याकाळपर्यंत सरकारी मदतीची घोषणा होते, धनादेशाचा फोटो येतो. मदत जरूर व्हावी. पण ती लोकांच्या तिजोरीतून होते, आणि फोटो निघाला की मालकाचं देणं विसरलं जातं. बांधकाम मजुराचंही तसंच: नोंदणी असेल तर कामावरच्या मृत्यूला कल्याणकारी मंडळाकडून पाच लाख मिळतात, आणि ते मालकाच्या भरपाईच्या वर असतात, तिच्या बदली नव्हेत. गवंड्याच्या विधवेला हा फरक सांगायला तिच्या दारात कोणी जात नाही.

मग मागायचं काय? पगाराची मर्यादा निर्देशांकाला बांधा. दावा दाखल होताच मालकाला मान्य असलेली रक्कम तीस दिवसांत जमा करून घ्या, आणि जमा न करणाऱ्यावरचा दंड अपवाद न ठेवता नियम करा. कामगार न्यायालयांतल्या रिकाम्या खुर्च्या भरा, कारण महाराष्ट्रात भरपाईचे बरेच दावे तिथेच चालतात. सुटा भाग घेणाऱ्या कंपनीला तिसऱ्या पायरीपर्यंत जबाबदार धरा. यातलं काहीच क्रांतिकारक नाही. १९२३ मध्ये मालकांनी कबूल केलेल्या सौद्याची ही वसुली आहे.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतःच मालक आहेत, मानत नसले तरी. दिवाळीआधी घराला रंग द्यायला दोन माणसं थेट लावली, सोसायटीने पाण्याची टाकी साफ करायला कोणाला उतरवलं, गावी बंगल्याचा स्लॅब टाकला. काम हंगामी आहे म्हणून माणूस कायद्याबाहेर, ही सवलत २००० च्या दुरुस्तीने गेली. ठेकेदार असेल तर त्याच्याकडे कर्मचारी भरपाईची पॉलिसी आणि तिच्यावरची तारीख पाहायला मागा. नसेल तर आपण काढा, छोट्या कामाची पॉलिसीही मिळते. तिचा हप्ता रंगाच्या अंदाजपत्रकात प्रायमर आणि पुट्टीच्या ओळीखाली लिहा. कामाच्या खर्चात माणसाचा हात धरलेला असतो, एवढंच लोखंडे १८८४ मध्ये सांगत होते.